आखाजीची घाई नको, वाफसा येऊ द्या

प्रश्न: आमचं नवं घर चोपड्याजवळ आहे. पूर्वी केळी-कपाशीचं रान होतं, तिथेच एन.ए. (बिगरशेती) प्लॉट पडले. घरासमोर ४० बाय २५ फुटांची जागा लॉनसाठी मोकळी ठेवली आहे. माती काळी आणि भयंकर चिकट. पावसाळ्यात चप्पल रुतून तुटली, आणि आता मार्चमध्ये भेगांत अख्खा पंजा जातो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वास्तुशांत आहे, नणंदाही माहेरपणाला येतील, तोवर हिरवळ व्हावी अशी फार इच्छा आहे. ठेकेदार म्हणतो, सहा इंच लाल माती टाकू, खालच्या काळीत एक ट्रॉली वाळू मिसळू आणि वर पुण्याकडचं तयार गवताचं कार्पेट अंथरू. शेजारचे काका म्हणतात, जिप्सम टाका, सगळं भुसभुशीत होईल. सासरे तर हसतातच. म्हणतात, शेतातली हरळी खणून काढता काढता आमचा जन्म गेला आणि तुम्ही ती पैसे देऊन लावताय! कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, या तिघांत सासऱ्यांचं ऐका. हसू द्या त्यांना, त्यांचं बरोबरच आहे. बर्म्युडा म्हणून जे लॉनचं गवत विकलं जातं ते हरळीच, फक्त बारीक पात्याचं आणि बुटकं. आणि काळ्या रानात हरळी कशी पसरते, कधी मरते, नांगर कधी घालायचा आणि कधी नाही, हे ज्यांनी जन्मभर पाहिलंय त्यांच्याइतका चांगला सल्लागार तुम्हाला दुसरा मिळणार नाही. ठेकेदाराला कामाला लावा, पण काम कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं ते सासऱ्यांना ठरवू द्या.

आधी आखाजीचं. त्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. कापून आणलेल्या कार्पेटला खाली जेमतेम बोटभर मुळं असतात. अशा उन्हात ते जगवायचं तर दिवसातून तीन-चार वेळा पाणी द्यावं लागेल, आणि ते पाणी तयार न केलेल्या काळ्या जमिनीवर पडेल. वर चिखल, खाली दगड. वास्तुशांतीच्या फोटोत लॉन हिरवं दिसेलही, पण ज्येष्ठात ते पिवळं पडलेलं असेल. तेव्हा आखाजीला समोरची जागा साफ करा, सडा घाला, नणंदांसाठी झोका बांधा. (झोक्याखाली गवत कधीच टिकत नाही, पाय घासून टक्कल पडतं. कायमचा झोका हवा असेल तर तेवढी जागा आत्ताच लॉनमधून वगळा.) पाहुणे गेले की दुसऱ्या दिवसापासून खोदाई सुरू. खोदाईला वैशाखाइतका चांगला महिना नाही, त्यामुळे तुमचं काही बिघडत नाही.

आता ही माती अशी का वागते ते थोडक्यात. बेसॉल्टचा खडक झिजून ती झाली आहे, आणि तापीच्या खोऱ्यात गाळ साचून साचून ती फार खोल आहे. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे पापुद्रे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं तशी माती फुगते, आणि पाणी गेलं की आकसते. म्हणून पावसाळ्यातला चिखल आणि आत्ताच्या भेगा ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली जातो. मग भेगा मिटतात, आणि त्यानंतर पडलेलं पाणी आत जायला वाटच राहत नाही. ऑगस्टमध्ये गवत मरतं ते पाण्याने नव्हे, मुळांना हवा न मिळाल्याने.

ठेकेदाराच्या वाळूचा हिशेब करून पाहा. १००० चौरस फुटांत सहा इंच खोलीपर्यंतची माती म्हणजे ५०० घनफूट, म्हणजे ५ ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). त्यात एक ट्रॉली वाळू, म्हणजे साधारण एक ब्रास. एवढ्याशा वाळूचे कण लाडवातल्या बेदाण्यांसारखे रुतून बसतात. बेदाणे घातले म्हणून लाडू भुसभुशीत होत नाही. मातीचा स्वभावच बदलायचा तर मिश्रणात निम्म्याहून जास्त वाळू लागेल, म्हणजे ५ ब्रास मातीला ५ ब्रासच्या वर. आजच्या वाळूच्या भावात तो खर्च बघा, आणि वर जागेची लेव्हल भलतीच उंच होईल ती वेगळीच. थोडी वाळू घालण्यापेक्षा अजिबात न घातलेली बरी. उन्हाळ्यात असं मिश्रण वाळून इतकं टणक होतं की कुदळ उडते.

लाल मातीचा थर हे त्याहून मोठं दुखणं, कारण तो पहिले दोन-तीन महिने छान दिसतो. जळगावातल्या एका बंगल्यातलं असं लॉन गेल्या पावसाळ्यात पाहण्यात आलं. खुरप्याने एक कोपरा कापून उचलला. वर चार बोटं लाल माती, खाली काळी, दोन्हींच्या मधली रेघ सुरीने कापल्याइतकी स्वच्छ. मुळं त्या रेघेपर्यंत आली होती आणि तिथून आडवी वळली होती. काळीत एकही शिरलेलं नव्हतं. लाल थर चिंब होता, बोट दाबलं की पाणी वर यायचं आणि आंबूस वास सुटायचा. दोन वेगळ्या पोताच्या माती एकमेकींवर नुसत्या ठेवल्या की पाणी त्यांच्या सांध्यावर अडतं. पावसाळ्यात मुळं कुजतात. मेमध्ये उलटं होतं, तो चार बोटांचा थर दिवसाआड कोरडा पडतो आणि खालच्या काळीने धरून ठेवलेल्या ओलीपर्यंत मुळं पोचलेलीच नसतात. काळीचा जो एक मोठा गुण आहे, पाणी धरून ठेवण्याचा, तोच आपण पैसे खर्चून वाया घालवतो. शिवाय सहा इंच भर घातली की अंगण जोत्याच्या दिशेने वर चढतं आणि पावसाचं पाणी घराकडे वळतं.

तेव्हा बाहेरची माती आणू नका, आहे तीच तयार करा.

जिप्समबद्दल काकांचं निम्मं बरोबर आहे. मातीत सोडियम जास्त असेल तर जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं, चिकणमातीचे कण एकत्र येऊन रवाळ होतात आणि पाणी मुरायला लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ते उपयोगी पडतं. पण आपल्या बऱ्याचशा काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते, कॅल्शियमची वाण नसते. तिथे जिप्सम म्हणजे खिशाला भार. हे अंदाजाने ठरवू नका, माती तपासा. जागेत पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती खरवडून गोळा करा. सगळी एकत्र करून सावलीत वाळवा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत जा. जळगावजवळ ममुराबादला कृषी विज्ञान केंद्र आहे, रावेर तालुक्यात पालला आहे, शिवाय जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना एवढं मागा. सामू ८.५ च्या वर आला तरच सोडियमची तपासणी करून घ्या. बोअरच्या पाण्याची बाटलीही सोबत द्या, कारण पुढे वर्षानुवर्षं तेच पाणी या मातीत जाणार आहे. घरात मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवला असेल तर बागेचा नळ त्याच्या आधीच काढून घ्या. सॉफ्टनरमधून गेलेल्या पाण्यात सोडियम वाढलेलं असतं, आणि काळ्या मातीला त्याच्याइतकं वाईट काही नाही.

खोदण्याआधी एक चक्कर मारून बांधकामाने मागे काय ठेवलंय ते बघा. नव्या घरांत माती बिघडलेली असते ती बहुतेक इथेच. पाया खणताना निघालेली खालची फिकट, चुनखडीचे खडे असलेली माती समोर पसरलेली असते. सिमेंट कालवलं ती जागा, विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, सळया ठेवलेल्या जागी ट्रॅक्टरने दाबलेली चाकोरी, हे सगळं काढा. फिकट माती खरवडून ट्रॉलीत भरा. तिच्याखाली तुमची मूळ काळी सापडेल, जी केळी पोसत होती.

मग पाणी कुठे जातं ते बघा. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, काठोकाठ भरा. पहिलं पाणी भेगांतून पटकन जाईल, त्याला फसू नका. तेच दोनदा करा आणि तिसऱ्यांदा भरलेलं पाणी किती वेळ उभं राहतं ते पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर सखल बाजूला चर हवाच: फूटभर रुंद, दीड-दोन फूट खोल, तळाला भोकं पाडलेला पाइप, त्यावर खडी, भोवती गाळ अडवणारं कापड, आणि तोंड रस्त्याच्या गटारीला उघडं. शोषखड्डा करू असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. खाली मुरूम लागत नाही तोवर काळ्या जमिनीतला शोषखड्डा म्हणजे नुसतं टाकं, भरतं आणि तसंच उभं राहतं.

उताराला मात्र पर्याय नाही. घराकडून रस्त्याकडे दर १० फुटांना दीड-दोन इंच. गवंड्याच्या लेव्हल पाइपने मापून खुंट्या ठोका, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आणि लॉन भिंतीला भिडवू नका. जोत्यापासून तीन-चार फूट फरशी किंवा मुरमाची पट्टी सोडा. भिंतीलगत रोज पाणी पडलं की तिथली माती फुगून राहते, घराखालची कोरडी राहते, आणि या ओढाताणीत भिंतींना तडे जातात. नव्या घराला हे सोसायचं कारण नाही.

आता खोदाई. मजूर लावून कुदळीने नऊ इंच ते एक फूट खोल खणून घ्या आणि ढेकळं तशीच उलथी टाका. फोडू नका. समोर ओबडधोबड रान दिसेल, दिसू द्या. ठेकेदार या वेळी रोटाव्हेटर फिरवू म्हणेल, कारण तासाभरात काम होतं. कोरड्या ढेकळांवर रोटाव्हेटर फिरला की वर पीठ होतं आणि पात्यांच्या खाली एक दाबलेला थर तयार होतो. त्या पिठावर पहिला जोराचा पाऊस पडला की पापडी धरते. ढेकळं फोडायचं काम उन्हावर आणि पावसावर सोपवा. वैशाखाचं ऊन त्यांना आतपर्यंत सुकवतं. मग वळवाची एखादी सर येते, सुकलेलं ढेकूळ पाणी ओढून घेतं आणि कडेकडेने आपोआप सुटू लागतं. सर थांबल्यावर जवळ बसून बघा, चिरा पडताना दिसतात. दोन-तीन वेळा असं भिजून सुकलं की डोक्याएवढ्या ढेकळाची हरभऱ्याएवढ्या रव्यांची रास होते. हे कुठल्याही यंत्राला जमत नाही. वळीव आला नाही तर नळीने भिजवा, सुकू द्या, पुन्हा भिजवा.

याच उन्हात तणाचाही निकाल लागतो. नागरमोथा असेल, आणि केळीच्या रानात तो असतोच, तर वरून उपटून काही होत नाही. त्याच्या गाठी खाली राहतात आणि पहिल्या पाण्याला पुन्हा सुया वर येतात. खणताना गाठी वर आल्या की मे महिन्याच्या उन्हात त्या सुकून मरतात. जुन्या जाड हरळीच्या काशाही (जमिनीखालची खोडं) अशाच. कुंदा दिसला तर सासऱ्यांना हाक मारा, त्यांच्या हातून त्याचं मूळ अर्धवट तुटणार नाही.

पाऊस सुरू झाला की सगळ्यात अवघड काम येतं, ते म्हणजे थांबणं. ओल्या काळीत पाय घालायचा नाही. एका पावलाने दाबलेली माती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशीच राहते. वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल, यायची वाट पाहायची. सासरे बांधावर उभ्या उभ्या सांगतील, पण तुम्हालाही कळावं म्हणून: सहा इंच खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि अंगठ्याने ढकला. गोळा रवाळ फुटला तर वाफसा आला. अंगठ्याचा ठसा उमटला, वर चकाकी आली, तर अजून थांबा. गोळाच वळत नसेल तर ओल उडून गेली. काळीत वाफसा उशिरा येतो आणि लवकर जातो, तेव्हा मजुरांना आधीच सांगून ठेवा. बाकी सगळं चुकलं तरी सावरता येतं, पण चिखलात फिरवलेलं एक औत वर्षभर भोवतं.

त्या वाफशावर शेणखत मिसळायचं. दोन इंचांचा थर पसरून वरच्या सहा इंचांत कालवा. १००० चौरस फुटांना साधारण पावणेदोन ब्रास लागेल. खत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतलं तर शेणाचा वास नको, मातीचा यायला हवा, आणि मुठीत गरम लागायला नको. कच्च्या शेणखतातून दोन पाहुणे येतात: तणाचं बी आणि हुमणी. उकिरड्याच्या तळाशी तपकिरी डोक्याची, अर्धगोल वाकलेली जाड पांढरी अळी दिसली की ती ट्रॉली परत पाठवा. ती गवताची मुळं खाते आणि लॉन जागच्या जागी सुटून येतं. केळीच्या खोडांचं किंवा जिनिंगमधल्या कचऱ्याचं खत मिळालं तर तेही चांगलं, फक्त वर्षभर कुजलेलं असू द्या. कच्चा काडीकचरा कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि गवत उपाशी पडतं.

मिसळून, फळीने सारखं करून, दोन-तीन आठवडे जमीन तशीच पावसात बसू द्या. ड्रेनेजची किंवा बोअरची लाइन जिथून गेली असेल तिथे ती खचेल, तिथे त्याच मातीची भर घाला. या काळात उरलेलं तण उगवेल. वाफशावर वरच्यावर खुरपा, आणखी उगवलं तर पुन्हा खुरपा. रोलर फिरवायचाच तर हलका, आणि कोरड्या पृष्ठभागावर.

लावणी श्रावणातल्या उघडिपीत करा. तुमच्यासारख्या जमिनीला कार्पेटपेक्षा काड्या लावणं बरं. दोन-तीन पेरांच्या हरळीच्या काड्या तीन-चार इंचांवर टोचायच्या, एक पेर मातीबाहेर ठेवायचं. खर्च कमी, आणि मूळ पहिल्या दिवसापासून तुमच्याच काळीत जातं. दसरा-दिवाळीपर्यंत जमीन झाकते. कार्पेटच हवं असेल तर त्याच्या मुळांना चिकटलेली लाल माती नळीच्या पाण्याने धुऊन मगच अंथरायला सांगा. ठेकेदार कुरकुर करेल, करू द्या. भर सावलीत, कडुनिंबाखाली वगैरे, हरळी वर्गातलं गवत लावू नका. त्याला दिवसाचे पाच-सहा तास ऊन लागतं.

एक न विचारलेली गोष्ट सांगतो. १००० चौरस फूट लॉन फार होतं. मेमध्ये आपल्याकडे अशा गवताला दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तुमच्या ९३ चौरस मीटरला रोजचे सहाशे लिटर झाले, हजार लिटरची टाकी दोन दिवस पुरणार नाही. बोअर त्याच महिन्यात दम तोडते. २० बाय २० चं लॉन करा, उरलेल्या जागेत फरशी, मुरूम, दोन सावलीची झाडं. शेणखतही पाऊण ब्रासच्या आत भागेल. आणि काळीला रोज शिंपडायचं नसतं. तीन-चार दिवसांनी, हळूहळू, पंधरा मिनिटं देऊन थांबायचं, मुरलं की पुन्हा द्यायचं. भेग पडायच्या आत पाणी मिळालं पाहिजे. पडलीच तर चाळलेलं खत त्यात भरा, वाळू नाही.

पुढच्या वर्षी कोवळी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर युरिया मारू नका. चुनखडीच्या जमिनीत लोह असून मिळत नाही, त्याची ती खूण. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

मातीचा नमुना याच आठवड्यात द्या, म्हणजे आखाजीच्या आत अहवाल हातात असेल. सामू ८.५ च्या वर निघाला तर अहवालाचा फोटो पाठवा, जिप्समची मात्रा त्यातल्या सोडियमवरून काढून देतो.